रामघाटाची संथा

2025 च्या अखेरीस काशीच्या रामघाटावर, वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात, अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या 19 वर्षांच्या तरुणाने 50 दिवस दंडक्रम पारायण केलं. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे 2000 मंत्र त्याने पोथी न उघडता म्हटले. पंतप्रधानांनी कौतुक केलं, सत्कार झाले, बातमी गाजली. एवढं लक्षात राहतं कसं, या प्रश्नावर मात्र बहुतेकांनी ‘विलक्षण बुद्धी’ असं म्हणून विषय संपवला. बुद्धी असेलच; पण या विद्येची खरी ताकद तिच्या वर्गात आहे. तो वर्ग कसा चालतो, हे मुलांना परकी भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे.

वेदपाठशाळेत मुलगा येतो तो साधारण आठ-दहा वर्षांचा, मुंज झालेला. फळा नाही, वही नाही. गुरुजींसमोर बसायचं आणि संथा घ्यायची. गुरुजी एक तुकडा एकदा म्हणतात, मुलं तो दोनदा म्हणतात. सुरुवातीला तुकडा एखाद्या पदाचा. मग दोन पदं, मग अर्धा मंत्र, मग पूर्ण मंत्र. चूक झाली की गुरुजी समजावत बसत नाहीत. तेच पुन्हा बरोबर म्हणतात, मुलगा पुन्हा ऐकतो, पुन्हा म्हणतो. नवी संथा झाली की जुन्याच्या आवृत्त्या. पोथी हाती येते तेव्हा कान आणि जीभ दोन्ही तयार झालेले असतात.

यात शरीरही कामाला लागतं. माध्यंदिन शाखेत मंत्राचे चढउतार, म्हणजे स्वर, हाताने दाखवतात: अनुदात्ताला हात खाली, उदात्ताला वर, स्वरिताला बाजूला. महाराष्ट्रातल्या ऋग्वेदाच्या पाठशाळांत हेच काम मानेच्या हालचालींनी होतं. कुणी नुसतं ओठ हलवत असेल, तर त्याचा हात चुकतो आणि गुरुजींना ते लगेच दिसतं. उच्चारही शाखेचे. ‘पुरुष’ हा शब्द माध्यंदिन पाठात ‘पुरुख’ असा म्हणतात. पोथीत ‘ष’च असतो, ‘ख’ कुठे म्हणायचा हे कानानेच शिकायचं. त्यामुळे केवळ पुस्तक वाचून वैदिक होता येत नाही.

पुढचा टप्पा सगळ्यात रंजक. मंत्रातली पदं सुटी करून त्यांचे वेगवेगळे क्रम लावायचे. जटापाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. घनपाठात 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3. दंडपाठात, म्हणजे देवव्रतने म्हटलेल्या दंडक्रमात, उलटी फेरी दर पावलाला लांबत जाते: 2-1, मग 3-2-1, मग 4-3-2-1. आणि प्रत्येक उलट्या फेरीनंतर पुन्हा सुरुवातीपासून सरळ यायचं. अशा आठ रचना आहेत; त्यांना विकृती म्हणतात.

याला घोकंपट्टी म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पदांचा क्रम उलटला की संधी बदलतो. साधं उदाहरण घेऊ. ‘न’ पुढे ‘अस्ति’ आलं तर ‘नास्ति’. उलट केलं तर ‘अस्ति न’, तिथे संधीच नाही. मंत्र असे शेकडो जोड घेऊन येतो आणि स्वरही त्यासोबत हलतात. म्हणणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी व्याकरण त्या क्षणी वापरावं लागतं. एखादा शब्द गळला किंवा बदलला, तर उलट्या फेरीत तो उघडा पडतो. चूक शोधण्याची सोय पाठातच केलेली आहे.

पाठशाळेचं वेळापत्रक तिथीप्रमाणे चालतं. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्याय. त्या दिवशी नवा पाठ नाही. परीक्षाही तोंडी. परीक्षक कुठलाही मंत्र सुरू करून देतो, मुलाने तिथून पुढे जायचं. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाने याच शिक्षणाला पाच वर्षांचा वेदभूषण आणि पुढे दोन वर्षांचा वेदविभूषण असा अभ्यासक्रम दिला आहे. वेदपठणाची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2008 पासून आहे.

परकी भाषा शिकवण्याची दुसरी वाट पाहायला आता जरा दूर जाऊ. 1965 मध्ये कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरला की आमच्या मुलांना बालवर्गापासून सगळं फ्रेंचमध्येच शिकवा. गाणी, खेळ, चित्रं, गणित, सगळं फ्रेंच. फ्रेंच हा वेगळा विषय उरलाच नाही. मॅकगिल विद्यापीठातल्या लँबर्ट आणि टकर यांनी या मुलांचा अभ्यास करून 1972 मध्ये पुस्तक लिहिलं. मुलांचं इंग्रजी बिघडलं नाही आणि फ्रेंच ऐकून समजण्यात ती खूप पुढे गेली; बोलण्यात मात्र उणिवा राहिल्या. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान फ्रेंचमधून शिकवतात.

सेंट लँबर्टने अर्थापासून सुरुवात केली, रामघाटाने ध्वनीपासून. दोघांचे दोष एकमेकांच्या उलट आहेत. तिथे समज आली, उच्चार आणि नेमकेपणा मागे राहिला. इथे उच्चार बिनचूक, पण अनेक मुलांच्या वाट्याला अर्थ फार उशिरा येतो. काहींच्या वाट्याला येतही नाही. पाठशाळेचा दुसरा दोष दाराशीच दिसतो: परंपरेने हा वर्ग मुंज झालेल्या मुलांचा, मुलींचा नाही.

या दोन्ही दोषांवरचं उत्तर काशीतच मिळतं. तुलसीपूर भागात प्रज्ञादेवी आणि मेधादेवी या बहिणींनी 1971 मध्ये पाणिनि कन्या महाविद्यालय उभं केलं. प्रज्ञादेवी व्याकरणाचे पंडित ब्रह्मदत्त जिज्ञासू यांच्या शिष्या. इथे मुली वेद म्हणतात, यज्ञ करतात, धनुर्विद्या शिकतात, आणि पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाची सुमारे 4000 सूत्रं अर्थ आणि उदाहरणांसह अभ्यासतात. जिज्ञासूंचा आग्रहच होता की सूत्र समजून घ्यावं, मग ते आपोआप राहतं. ध्वनी आणि अर्थ एकाच वर्गात आणता येतात, हे या शाळेने दाखवलं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही अनेक वर्गांत मूल पहिल्याच महिन्यात स्पेलिंग उतरवू लागतं आणि दहावीपर्यंत एक वाक्य मोकळेपणाने बोलत नाही. डोळ्यांना आधी कामाला लावलं, कानाला कधी संधीच दिली नाही. पहिलीच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती: पहिलं सहामाही सत्र वही बंद ठेवा. छोटं वाक्य स्वतः एकदा म्हणा, मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या, हातवारे करा, शब्द उलटसुलट लावायला द्या, आणि ते वाक्य वर्गातल्या खऱ्या कामासाठी वापरा: खिडकी उघडायला, खडू मागायला, डबा वाटून खायला. याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. ज्याचा स्वतःचा उच्चार स्वच्छ आहे आणि जो न कंटाळता पुन्हा म्हणतो, असा शिक्षक मात्र लागतो.