ताओसच्या माळावरील स्वावलंबी घरे

अमेरिका पूर्वेकडून पश्चिमेकडे मोटारीने ओलांडणारे बहुतेक प्रवासी न्यू मेक्सिको राज्यात थांबतात ते पेट्रोल आणि जेवण यांपुरतेच. मात्र अल्बकर्कीला मुख्य महामार्ग सोडून सुमारे 200 किलोमीटर उत्तरेस वळण्याची तयारी असेल, तर ताओस गावापलीकडे एक विलक्षण वसाहत पाहावयास मिळते. रिओ ग्रान्दे नदीच्या खोल दरीवरील 1965 सालचा पोलादी पूल ओलांडला की उघडा, झुडपी माळ लागतो. त्यातून अर्धवट जमिनीत रुतल्यासारखी घरे डोके वर काढतात. विजेची तार नाही, नळाची वाहिनी नाही, गटारही नाही.

मायकेल रेनॉल्ड्स या वास्तुविशारदाने उभारलेली ही ‘ग्रेटर वर्ल्ड’ वसाहत. घरांना त्याने ‘अर्थशिप’ असे नाव दिले. भिंतीची वीट म्हणजे टाकून दिलेला मोटारीचा टायर! प्रत्येक टायरमध्ये घणाने ठोकून सव्वाशे किलोहून अधिक माती भरतात. उत्तरेस मातीचा बांध, दक्षिणेस काच. हिवाळ्यातले कलते ऊन आत शिरते, जाड भिंती ते दिवसभर साठवितात आणि रात्री परत देतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 2100 मीटर उंचीवर, बाहेर बर्फ असताना, काचेआड केळी उभी असतात.

पाण्याचा हिशेब तर एखाद्या जुन्या पेढीच्या रोजमेळासारखा काटेकोर आहे. छतावरचे पाऊस-बर्फाचे पाणी जमिनीतील टाक्यांत उतरते व गाळून वापरले जाते. स्नानाचे, धुण्याचे पाणी घरातील झाडांच्या वाफ्यांत जाते, तेथून शौचकूपात आणि शेवटी बाहेरच्या झाडांना. एकच थेंब चार वेळा कामी येतो. मारवाडातून महाराष्ट्रात आलेल्या ज्या घराण्यांच्या मूळ हवेलीत पावसाच्या पाण्याचे टांके होते, त्यांना यातला पहिला भाग नवा वाटणार नाही. टांक्याची किल्ली आजीच्या कमरेला का असे, हेही त्यांना ठाऊक असते.

व्यापारी दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार वाटतो तितका स्वस्त नाही. वीजबिल येत नाही, परंतु बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. टायर फुकट मिळतो, तो भरण्याची मजुरी फुकट नसते. स्वयंपाकाला गॅसच्या टाक्या लागतात आणि किराण्यासाठी मोटार काढून ताओस गाठावे लागते. तेव्हा ‘पूर्ण स्वावलंबन’ हा शब्द जपूनच वापरावा.

रेनॉल्ड्सने या प्रयोगाची किंमत चुकविली. सुरुवातीच्या काही घरांची छपरे गळत, काही उन्हाळ्यात भट्टीसारखी तापत. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यांत घातली होती, त्यांच्या रोषात तथ्य होते. 1990 च्या दशकात परवान्यांवरून शासनाशीही तंटा उभा राहिला. काम थांबले आणि अखेरीस त्याला वास्तुविशारदाचा परवानाही गमवावा लागला. नियम मोडणारा तो होता, हे खरेच. पण चुकण्याची मुभा नसेल तर नवे घर बांधून पाहायचे कोठे, हा त्याचा प्रश्नही खोटा नव्हता. वर्षानुवर्षे तो विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवीत राहिला. 2007 मध्ये न्यू मेक्सिकोने प्रायोगिक बांधकामासाठी मर्यादित जागा राखता येईल असा कायदा केला, आणि त्याच वर्षी त्याचा परवाना परत मिळाला. हा सारा झगडा ‘गार्बेज वॉरियर’ या माहितीपटात चित्रित झाला आहे.

आज वसाहतीत स्वागतकेंद्र आहे. शुल्क भरून नमुन्याचे घर पाहता येते. काही घरे रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने मिळतात. बांधकाम शिकण्यासाठी देशोदेशीचे विद्यार्थी येतात, आणि टायरांत माती ठोकण्याचे काम त्यांनाही चुकत नाही.