सोड्याच्या बाटलीतली गोटी

वऱ्हाडातला उन्हाळा ज्याने भोगलेला नाही, त्याला सोड्याची थोरवी सांगून पटायची नाही. वैशाखात आमच्या खामगावचा पारा ४४ अंशांवर चढे, बाजारातली वर्दळ ओसरे, आणि भर दुपारी रस्त्यावर एकच जिवंत आवाज उरे: बाटलीतली गोटी आत दाबल्याबरोबर होणारा 'टॉक्' आणि त्यामागून येणारा 'फस्स्'.

साल १९८८. मी चौथीत होतो. गल्लीच्या तोंडाशी सोडावाल्याचे दुकान होते. साधा सोडा चार आण्यांना, लिंबू-मीठ घातलेला आठ आण्यांना. आईकडून आठ आणे सुटले की आम्ही दोघे भाऊ मिळून एक बाटली घेत असू आणि ढेकर कोणाचा मोठा यावरून भांडत असू.

ही बाटली मूळची विलायती. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास ती काढली. बाटली उलटी धरून आत पाणी आणि वायू दाबाने भरायचा. गोटी गळ्याशी येते आणि वायूच त्या गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. बूच आतून बसते, ही खरी गंमत! त्याच सुमारास, १८७० मध्ये, कापसासाठी खामगावला रेल्वेचा फाटा आला होता. आमचा कापूस तिकडे गेला आणि ही बाटली इकडे आली. चौथीतल्या मला हा सौदा मुळीच तोट्याचा वाटला नसता.

माझा जीव सोड्यापेक्षा त्या हिरवट गोटीवर होता. पण ती हवी तर बाटलीच फोडायला हवी. एके दुपारी मालक जेवायला गेले असता, धुऊन ठेवलेल्या बाटल्यांतली एक मी मुद्दाम कोपराने ढकलली आणि गोटी चड्डीच्या खिशात घातली. बाटल्या धुणारा पोरगा माझ्याच वयाचा. तो धावत आला. आता ओरडणार, असे मला वाटले. तो म्हणाला, "सरक तिकडं, काच रुतीन पायात."

मालक आले. "कोनं फोडली रे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

"माह्या हातून सुटली," तो म्हणाला.

बाटलीचे पैसे त्याच्या मजुरीतून कापले गेले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. माझ्या खिशात तेव्हा आठ आणे होते. त्यांचा मी सोडा प्यालो, त्याच दुकानात. बाटली त्यानेच फोडून दिली.

१९९३ साली कोका-कोला भारतात परत आला. पुढे दुकानही उठले. तो पोरगा कुठे गेला, कोणाला सांगता येईना.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना माझ्या मुलीला ती गोटी सापडली. "बाबा, ही कुणाची?" मी तिला बाटलीची युक्ती सांगितली, वायूचा दाब सांगितला, हायरम कॉडसुद्धा सांगून टाकला. तिने सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "पण ही कुणाची?"