चित्र भारी की खेळ भारी?

गेल्या रविवारी आमचे भाचेबुवा तोंड फुगवून बसले होते. "मामा, आपल्या कॉम्प्युटरवर रेसिंगचा गेम नुसता अडखळतो रे! माझ्या मित्राकडे बघ, रस्त्यावरच्या पाण्यात आकाशसुद्धा दिसतं. आपल्याला नवं ग्राफिक्स कार्ड पाहिजे." कार्डाची किंमत ऐकली आणि मीही तोंड फुगवून त्याच्या शेजारी बसलो.

तर दोस्तांनो, गेमची मजा चित्रात किती आणि खेळात किती? त्याला जी गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगतो.

साल १९८४. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव्ह नावाचे संशोधक काम करत होते. त्यांच्यापुढचं 'इलेक्ट्रॉनिका ६०' हे यंत्र चित्र काढूच शकत नव्हतं. पडद्यावर उमटायची ती फक्त अक्षरं आणि चिन्हं. मग पठ्ठ्याने काय करावं? कंसाची चिन्हं शेजारी शेजारी ठेवून चौकोन बनवले! चार चौकोनांचा एक तुकडा, असे सात तऱ्हेचे तुकडे. वरून पडणारे तुकडे फिरवून रचायचे, ओळ भरली की ती गायब. हाच तो टेट्रिस. रंग नाही, राक्षस नाही, काही नाही. तरी खुद्द पाझित्नोव्हनाच तो सोडवेना.

पुढे त्याला रंगीत रूप दिलं ते वादिम गेरासिमोव्ह या शाळकरी मुलाने. वय वर्षं १६ फक्त! गेम दिसायला छान झाला, पण नियम मात्र तेच राहिले.

१९८९ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हातात मावणारा 'गेमबॉय' काढला. पडदा हिरवट, त्यावर १६० आडवे नि १४४ उभे ठिपके, आणि छटा मोजून चार. पडद्यामागे दिवाही नाही, म्हणजे रात्री पांघरुणात लपून खेळायची सोय नाही! त्याच सुमारास अटारीचा 'लिंक्स' आणि सेगाचा 'गेम गिअर' हे रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी आले. दोघेही दिसायला कितीतरी देखणे. पण त्यांना सहा-सहा सेल लागत आणि काही तासांतच ते संपत. गेमबॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चाले. शिवाय अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिसही मिळे. शेवटी पुढच्या रंगीत अवतारासह गेमबॉय ११ कोटींहून जास्त खपला. देखणे दोघे मागेच राहिले.

याच्या उलट गंमत १९८३ च्या 'ड्रॅगन्स लेअर'ची. डिस्नेमध्ये काम केलेले डॉन ब्लूथ यांनी त्याची चित्रं केली होती. गेम कसला, चक्क कार्टून फिल्मच! इतर गेम २५ सेंटमध्ये खेळता येत, तर याला ५० सेंट मोजावे लागत, तरी अमेरिकेतल्या पार्लरमध्ये झुंबड उडाली. पण खेळाडूने करायचं काय? योग्य क्षणी दांडा डावीकडे, उजवीकडे वळवायचा, नाहीतर तलवारीचं बटण दाबायचं. चुकलात की मेलात, बरोबर आलं की पुढची फिल्म. एकदा क्रम पाठ झाला की उरलं काय? पाढे म्हणण्यासारखंच ते.

म्हणजे चित्राला किंमतच नाही का? तसं मुळीच नाही हं! १९९३ चा 'मिस्ट' घ्या. एक निर्जन बेट, आणि कोडी दडलेली चित्रांतच. चित्र काढून घेतलं तर गेमच संपला. माझं म्हणणं एवढंच, की चित्र सुंदर असण्याआधी स्पष्ट हवं. खड्डा कुठे, शत्रू कुठे, आपण कुठे, हे क्षणात कळलं पाहिजे.

मारिओचंच बघा ना. १९८१ मध्ये 'डाँकी काँग'मध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याची उंची होती जेमतेम १६ ठिपके. एवढ्याशा चेहऱ्यावर तोंड काढणार कुठे? म्हणून शिगेरू मियामोतो यांनी मोठ्ठं नाक आणि खाली मिशी काढली. केस काढायला नकोत म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचे ओव्हरऑल. झाली की ओळख पक्की! नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेमवर तो खेळलेल्या आई-बाबांना विचारा, ती मिशी त्यांना अजून आठवत असेल. आणि गणिताच्या वहीच्या पानावर १६ घरं उंचीचा माणूस तुम्हीही काढून बघा. घरं रंगवायची, रेघा नाहीत. किती अवघड आहे ते कळेल!

भाचेबुवांनी गोष्ट ऐकली, "हं" म्हणाले, पण पटलेलं दिसलं नाही. मग आम्ही गेमच्या सेटिंगमध्ये शिरलो. सावल्या बंद केल्या, पाण्यातलं आकाश बंद केलं, झाडंही थोडी साधी केली. कॉम्प्युटरचं ओझं उतरलं आणि मघाशी अडखळणारी गाडी सुसाट पळू लागली.

अर्ध्या तासाने मी विचारलं, "काय रे, सावल्यांशिवाय कसं वाटतंय?"

"कुठल्या सावल्या? थांब रे मामा, वळण आलंय!"

कार्डाचा हट्ट अजून सुटलेला नाही बरं का. तो फक्त दिवाळीपर्यंत पुढे गेलाय.