शरीरातील क्षारांचा जमाखर्च

मे महिन्यात आपल्या गोरेगाव तालुक्यातील मजूर बंधू-भगिनी पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. ऊन चढते, अंग घामाने भिजते. पाणी भरपूर प्यायले तरी पायांत गोळे येतात, डोके गरगरते. असे का व्हावे? उत्तर घामाच्या खारट चवीत आहे. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण होतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड अशा कणांना इलेक्ट्रोलाइट्स म्हणतात. सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर, तर पोटॅशियम आत असते. या फरकामुळेच मज्जातंतूंतून संदेश धावतात, स्नायू हलतात व हृदयाचे ठोके लयीत पडतात.

बँकेत नोकरी करणाऱ्या मला हा जमाखर्चच वाटतो. मूत्रपिंड हे येथील रोखपाल. जास्तीचे क्षार ते लघवीवाटे बाहेर टाकते, कमी पडले तर राखून ठेवते. परंतु हगवण-उलटी लागली की खर्च इतका वाढतो की रोखपालाचे काही चालत नाही. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर रक्तातील उरलेले सोडियम आणखी पातळ होते.

1971 साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या आत आले. 2022 मध्ये त्यांचे निधन झाले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यात साखर चवीसाठी नाही. आतड्यात सोडियम व ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. पटकीतही हे दार उघडेच राहते.

आशाताईंकडे व आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटे मिळतात. त्यात पोटॅशियमही असते, म्हणून पहिली पसंती त्यालाच द्यावी. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण मिसळावे व 24 तासांत संपवावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाल्यास बाळाला अपाय होतो. अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल सुस्त झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

उन्हात राबणाऱ्यांनी पाण्याबरोबर मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक घ्यावे. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच मीठ वाढवावे.

विद्यार्थी मित्रांनो, 1 लिटर, 6 चमचे, अर्धा चमचा हे प्रमाण पाठ करा. घरी सांगा, शेजारी सांगा. ज्याला दोन पैसेही लागत नाहीत, त्या ज्ञानावाचून कुणाचे मूल दगावू नये.