गॅसच्या रेग्युलेटरवरचं ते बारीक भोक

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना दर दोन मिनिटांनी आलेलं 'म्हणजे बघा' जमेल तेवढं गाळलंय.

दिवाळीत घरी गेलो तर आईची तक्रार, "शेगडी हल्ली फार जोरात पेटते रे. बारीक केली तरी फुरफुरते." बघितलं तर ज्योत बर्नर सोडून वर उचलली जात होती. टाकीपाशी वाकलो. रेग्युलेटरच्या डोक्यावर एम-सीलचा गोळा. विचारलं तर म्हणाली, "तिथल्या भोकातून गॅसचा वास यायचा, म्हणून बुजवलं. आता येत नाही."

मी पहिल्यांदा टाकी बंद केली. मग घाम पुसला.

आपण रेग्युलेटरला नळ समजतो. फिरवला की गॅस चालू, उलटा फिरवला की बंद. ते त्याचं जोडकाम. खरं काम दाब उतरवण्याचं. टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि वरच्या वाफेचा दाब आपल्याकडच्या हवेत साधारण पाच-सहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर, कडक उन्हाळ्यात आणखी जास्त. हा दाब टाकी किती भरलीय यावर नाही, तर तापमानावर ठरतो. द्रव शिल्लक आहे तोवर अर्धी टाकी आणि भरलेली टाकी सारखीच. शेगडीला मात्र लागतो 30 ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. शाळेतली 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरा. तेवढ्या उंचीचं पाणी तळाला जेवढं दाबेल, तेवढाच. म्हणजे जवळपास पावणेदोनशे पट उतार, तोही बॅटरी, चिप, कोड यातलं काहीही न वापरता. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे जरा लागतंच.

आत असतो एक रबरी पडदा. त्याच्या खाली गॅस, वर स्प्रिंग. पडद्याला एक छोटी दांडी जोडलेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, टाकीकडून गॅस येतो त्या बारीक छिद्रावर बसणारं बूच. शेगडीचा दुसरा बर्नर पेटवला की पडद्याखालचा दाब किंचित पडतो, स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, बूच उघडतं, गॅस जास्त येतो. बर्नर बंद केला की दाब चढतो, पडदा वर उचलला जातो, बूच बसतं. मोजा, तुलना करा, दुरुस्त करा. हे चक्र अखंड चालू.

पण 30 ग्रॅमसारखा क्षुल्लक दाब टाकीच्या दाबाला आवरतो कसा? क्षेत्रफळामुळे. समजा पडदा 20 चौरस सेंटिमीटरचा आहे. 30 गुणिले 20, म्हणजे 600 ग्रॅमचा जोर. छिद्र समजा 2 मिलिमीटर व्यासाचं. त्यावर पाच किलोचा दाब असला तरी जोर भरतो दीडशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय दांडीची तरफ पडद्याच्या बाजूने. त्यामुळे टाकीतला दाब खालीवर झाला तरी शेगडीला फारसं कळत नाही.

आता ते भोक. पडद्याच्या वरच्या बाजूला बाहेरची हवा असावी म्हणून ते ठेवलेलं असतं. रेग्युलेटर गॅसचा दाब या हवेशी ताडून बघतो. भोक बुजलं तर वरची हवा कोंडते आणि पडदा मोकळा हलत नाही.

आमच्या घरी मात्र प्रकरण त्याच्या पुढचं होतं. भोकातून गॅसचा वास येणं म्हणजे बहुतेक वेळा पडदा फाटलेला असणं. आईनं भोक बुजवल्यावर फटीतून आलेला गॅस वरच साठला. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा झाला, म्हणजे स्प्रिंगला विरोध करणारं कुणी उरलं नाही. दाब कमीच आहे अशा समजुतीनं तिनं बूच उघडंच ठेवलं. टाकीचा दाब थेट नळीकडे जायला वाट मोकळी, आणि शेगडीकडची नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट सारखा वाजतोय म्हणून कुणीतरी म्यूट केला. मी स्वतः ऑफिसात हे केलंय, त्यामुळे आईला बोलायला तोंड नव्हतं.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. तो वास आला तर रेग्युलेटर बंद करून काढायचा, टाकीला टोपी लावायची, खिडक्या-दारं उघडायची. दिव्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून दार उघडणं महत्त्वाचं. मग बाहेर जाऊन 1906 ला फोन. रेग्युलेटर खोलून दुरुस्त करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला चहा पाजा, रेग्युलेटर देऊ नका. तो एजन्सीकडून बदलूनच घ्यायचा.

आमचा बदलून मिळाला. नव्यावर आईसमोर साबणाचं पाणी लावून दाखवलं, भोकावरसुद्धा. चालू करताना पडदा हलला की तिथे एखादा बुडबुडा फुगून थांबतो, ती आतली हवा. बुडबुडे येतच राहिले तर तो गॅस. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाली, "मग हे भोक असंच उघडं ठेवायचं? झुरळ गेलं तर?"

प्रश्न रास्त आहे. आता महिन्यातून एकदा ती कोरड्या फडक्यानं ते पुसते.