भरलेल्या टॉवरपेक्षा रिकाम्या टॉवरची काळजी जास्त का करतात?

मुंबईत चेंबूर-माहुल भागातून जाताना रिफायनरीचे उंच टॉवर दिसतात. अशा टॉवरचा जमिनीखालचा पाया अनेकदा अष्टकोनी असतो. वाटतं की टॉवर जितका जड, तितका धोका मोठा. पण पाया तपासताना इंजिनिअर रिकाम्या टॉवरचा हिशोब वेगळा करतात. कारण काय?

आठच बाजू का?

वारा कुठूनही येऊ शकतो. पाया चौकोनी असेल आणि वारा कोपऱ्याच्या दिशेने ढकलू लागला, तर त्या कोपऱ्याखालच्या मातीवर फार दाब येतो. गोल पायाला सगळ्या दिशा सारख्याच, पण गोल शटरिंग करणं कटकटीचं असतं. अष्टकोन हा मधला मार्ग. तो जवळपास गोलासारखा वागतो आणि शटरिंगला सरळ फळ्या चालतात.

मातीवर किती दाब येतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, पायाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर 8 मीटर आहे. क्षेत्रफळ झालं साधारण 53 चौरस मीटर. टॉवर, आतला माल, काँक्रीट आणि पायावरचा मातीचा भराव मिळून वजन 400 टन. म्हणजे सरासरी दाब दर चौरस मीटरला 7.5 टन.

आता वारा आला. त्याचा जोर 12 टन आणि तो पायाच्या तळापासून 20 मीटर उंचीवर लागतोय. 12 गुणिले 20, म्हणजे उलथवणारा जोर 240 टन-मीटर. त्यामुळे एका टोकाखालचा दाब 4.6 टनांनी वाढतो आणि विरुद्ध टोकाखाली तेवढाच कमी होतो. एकीकडे 12.1, दुसरीकडे 2.9. सॉइल रिपोर्टने 15 टनांपर्यंत परवानगी दिली असेल, तर काळजी नाही.

मग रिकाम्या टॉवरचं काय?

टॉवर नुकताच उभा राहिलाय. आत माल नाही, पायावर भराव नाही. वजन फक्त 220 टन. पण उंची तीच, वाराही तोच. आता सरासरी दाब 4.1 आणि वाऱ्यामुळे होणारी घट 4.6. उत्तर येतं उणे 0.5.

इथेच खरी मेख आहे. उणे दाब म्हणजे मातीने पायाला खाली ओढून धरणं. माती पायाला खालून आधार देते, पण ओढून धरू शकत नाही. म्हणजे ते टोक जमिनीपासून सुटतं आणि सगळा भार उरलेल्या भागावर येतो.

झटपट तपासणीसाठी उलथवणाऱ्या जोराला वजनाने भागतात. अष्टकोनात हे उत्तर रुंदीच्या 0.122 पटीच्या आत हवं, म्हणजे इथे 0.98 मीटर. भरलेल्या टॉवरचं उत्तर 0.6 येतं, रिकाम्याचं 1.09.

मग टॉवर पडणार का?

लगेच नाही. 220 टन वजन पायाच्या कडेपासून 4 मीटरवर आहे, म्हणजे रोखणारा जोर 880 टन-मीटर. उलथवणाऱ्या जोराच्या 3.7 पट. साधारणपणे किमान दीडपट तरी मागतात. म्हणजे एका परीक्षेत पास, दुसरीत नापास. म्हणूनच दोन्ही तपासण्या कराव्या लागतात. थोडं टोक सुटणं काही वेळा चालवून घेतात, पण तेव्हा मातीवरचा दाब नव्याने काढावा लागतो. नाहीतर पाया मोठा करतात. रुंदी 9 मीटर केली की मर्यादा 1.10 मीटर होते, शिवाय पायाचं वजनही वाढतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघतात. भूजल वर आलं की पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन दर घनमीटरला 1 टनाने कमी भरतं. म्हणजे पाया आणखी हलका.

आपल्याशी याचा काय संबंध?

13 मे 2024 रोजी घाटकोपरमध्ये वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. होर्डिंगही तसंच: उंच, वाऱ्याला मोठी जागा देणारं आणि त्या मानाने हलकं. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. त्यामुळे अशा बांधकामाबद्दल ‘वजन पेलेल का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘वारा आला तर वजन पुरेल का?’ हेही विचारावं लागतं.