जुनी फोर बाय फोर निवडताना

सहलीसाठी जुनी फोर बाय फोर घेताना आधी घरातली माणसं मोजा. तीन दारांच्या थारमध्ये बहुधा चौघेच बसतात आणि मागे सामानाला जागा तुटपुंजी. 2020पूर्वीच्या थारमध्ये मागची बाकं समोरासमोर असत. लेकरांना तिथे मुळीच बसवू नये. पाच-सहा जणांना स्कॉर्पिओ किंवा सफारी स्टॉर्म बरी, पण या नावांच्या बहुतेक गाड्या टू व्हील ड्राइव्हच असतात. म्हणून फोर बाय फोरचा नॉब स्वतः फिरवून पाहा.

ही चाचणी कच्च्या, भुसभुशीत जमिनीवरच घ्या. अशा गाड्यांत फोर व्हील लावल्यावर पुढचा-मागचा ॲक्सल एकाच गतीने फिरतो. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. कोरड्या डांबरावर चाकं घसरत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर येतो. ‘फोर लो’, म्हणजे फोर व्हीलचा कमी गतीचा गिअर, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये लावा. खडखडाट ऐकू आला तर खर्च मोठा आहे, हे धरून चाला.

कोकण-गोव्याची गाडी लिफ्टवर चढवून चेसिस पाहाच. खारी हवा आणि पुळणीवरची हौस लोखंड खाते, आणि ताज्या काळ्या रंगाखाली गंज सहज लपतो. चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. आरसीवर बँकेचा बोजा किंवा थकीत ई-चलान नाही ना, हे पैसे देण्याआधी तपासा.